साचेखात्यातला आवाज

"कट! काका, परत आवाज मोठा आला." साउंड रेकॉर्डिस्टने कानावरचा हेडफोन बाजूला केला. सातवा टेक वाया गेला होता. टेक म्हणजे प्रसंगाचं एकेक वेळचं चित्रण.

सीरियलमध्ये मला पहिल्यांदाच वाक्य मिळालं होतं. प्रसंग साधा. लेक हॉस्पिटलच्या खाटेवर, मी तिचा बाप. वाकून हळूच म्हणायचं, "घाबरू नकोस. मी इथंच बसलोय." माझं वय तेव्हा चौपन्न.

मी मूळचा करीमनगरकडचा, तेलुगू. सोळाव्या वर्षी लोअर परळला आलो आणि गिरणीच्या साचेखात्यात लागलो. साचा म्हणजे माग. शेकडो साचे एकदम चालायचे, त्यात हाक मारायची तर बेंबीच्या देठापासून. माझा आवाजच तसा झाला. ब्याऐंशीच्या संपानंतर गिरणीने आम्हाला परत घेतलं नाही. मी दादरला एका हॉलवर वॉचमन झालो. तिथं नाटकांच्या तालमी चालायच्या. एकदा एक नट आला नाही, तेव्हा दिग्दर्शकांनी मलाच उभं केलं. तिथून छोटी कामं मिळत गेली. नाटकात आवाजाचं कौतुक व्हायचं, शेवटच्या रांगेपर्यंत जायचा.

इथं मात्र शर्टाच्या आत माईक लावलेला. तोच आवाज आड आला.

डायरेक्टर मॅडम माझ्या मुलीच्या वयाच्या. त्या जवळ आल्या. "काका, टेन्शन घेऊ नका. तुम्ही नुसते ओठ हलवा. डबिंगला दुसऱ्याचा आवाज लावू."

मी "बरं" म्हटलं खरं. चेहरा माझा आणि बोलणार भलताच! बायकोने तर अख्ख्या चाळीत सांगून ठेवलं होतं.

पण 'ओठ हलवा' हे शब्द डोक्यात राहिले. साचेखात्यात आम्ही दुसरं काय करत होतो? दिवसभर कोण ओरडणार? बाकीचं सगळं एकमेकांच्या ओठांकडे बघूनच चालायचं. मराठी मी आधी ओठांवरून शिकलो, मग कानांनी. माझी लेक झाल्याचा निरोप गिरणीच्या गेटवर आला, तोसुद्धा शेजारच्या साच्यावरच्या दत्तारामने ओठांनीच सांगितला होता. "नरसय्या, मुलगी!"

आठवा टेक. मी वाकलो. दत्तारामशी बोलायचो तसा बोललो. गळा ढिला सोडला, नुसता श्वास येऊ दिला.

रेकॉर्डिस्टने हात वर केला. "मॅडम, एकदम क्लीन आलंय. डबिंग नको."

"पण माझा तेलुगू हेल?" मी विचारलं.

"राहू दे की," मॅडम म्हणाल्या. "तुम्ही बोललात तेच हवंय. ओके, पुढचा शॉट!"

त्यानंतर बापाच्या बऱ्याच भूमिका मिळाल्या. अजून मिळतात. सेटवरची नवीन मुलं विचारतात, "काका, आवाज कसा कमावलात?" मी सांगतो, कमावला नाही. होता तो कमी करायला शिकलो, आणि त्यातही युनिटचे सात टेक फुकट घालवले.