दाट आंबील, पातळ आंबील

येळवस जवळ आली की ती घटना आजही आठवते. वेळ अमावस्येला आमच्याकडं घरोघरची सगळी माणसं शेतात जातात, कडब्याच्या कोपीत, म्हणजे खोपटात, पांडव पुजतात आणि मिसळ भाज्यांची भज्जी आणि ज्वारीच्या पिठाची ताकातली आंबील असं जेवण करतात. मी निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण आंबिलीचा पेला कुणी पुढं केला की अजून विचारतो, "पाणी कशातलं घातलंय?" घरचे हसतात. हसू देत.

लातूर जिल्हा तेव्हा नुकताच वेगळा झाला होता. आमच्या कागदांवर शिक्का मात्र अजून जुन्या जिल्ह्याचाच उमटायचा. त्यात दुष्काळ. विहिरींनी तळ दाखवलेला, टँकरवर भांडणं, डोकी फुटणं. मी निलंग्याकडच्या एका ठाण्यात फौजदार होतो.

येळवशीच्या दुपारी एका गावचा पोलीस पाटील धापा टाकत ठाण्यात आला. "साहेब, शेतात जेवता जेवता मानूस गेला. त्येच्या बापाला दवाखान्यात नेलंय. बायकूनंच आंबिलीत औषध घातलं म्हनायलेत. बिगी बिगी चला, न्हाईतर लोक तिला जित्ती ठेवत न्हाईत."

जीप शेताच्या बांधाला लागली तेव्हा कोपीभोवती गर्दी होती आणि बऱ्याच हातांत दगड होते. मयताची आई ऊर बडवत होती. "माजा वाघासारका लेक खाल्ला हिनं! हिला माज्या ताब्यात द्या!" सून कोपीत कडब्याला पाठ लावून बसली होती. ती देगलूरकडची. बोलताना मधेच एखादा तेलुगू शब्द यायचा, म्हणून गावात तिला सगळे 'तिकडची' म्हणायचे. मी आणि माझा जमादार, दोघंच. तिला मधे घालून जीपपर्यंत आणलं. निघताना ताडपत्रीवर दगड धडाधड पडले.

पंचनामा केला, आंबिलीचं मडकं सील केलं, प्रेत शवविच्छेदनाला पाठवलं. तालुक्याला तेव्हा महिला पोलीस नव्हत्या, म्हणून तिला जमादाराच्या बायकोपाशी पोलीस लाइनीत ठेवलं. ती बाई मला म्हणाली, "साहेब, पोरगी दार वाजलं तरी थरथरतीया."

संशय मात्र सगळा तिच्यावरच. आंबील तिनं केलेली आणि वाढलेलीही तिनंच. स्वतः पेलाभरही घेतली नव्हती. हे मी फार मानलं नाही. आपल्याकडं बाया शेवटीच जेवतात. पण एक गोष्ट मलाही खोडता येईना. शेजारच्या शेतातली पाहुणेमंडळी त्याच मडक्यातली, तिच्याच हातची आंबील पिऊन गेली होती आणि ठणठणीत होती. मेला तो नवरा, आजारी पडला तो सासरा.

"केस सरळ हाय, साहेब," जमादार म्हणाला. "पाहुन्याला चांगली, नवऱ्याला इखाची." वरिष्ठांचाही निरोप आला: नवा जिल्हा आहे, अटक लवकर दाखवा.

मी तिच्याकडं चौकशी केली. "म्या न्हाई घातलं," एवढंच ती बोलायची. "मडक्याला आणखी कुणाचा हात लागला?" असं विचारलं की मान खाली. लोक म्हणतात गप्प बसतो तो गुन्हेगार. माझा अनुभव उलटा आहे. गुन्हेगार भडाभडा बोलतो. जो गप्प बसतो, त्याला कुणाची तरी भीती असते. ही आमच्याखेरीज कुणाला भिते, ते कळेना.

सकाळी शेजारच्या शेतकऱ्याचा जबाब घ्यायला गेलो. भला माणूस, त्या प्रसंगातही चवीचं विसरला नव्हता. "आंबील झकास झालती, साहेब. बोट घातलं तर उभं ऱ्हाईल अशी दाट." लिहून घेतलं. तिथून दवाखान्यात गेलो. सासरा शुद्धीवर आला होता. क्षीण आवाजात म्हणाला, "म्या म्हनलो बी सुनंला, लई पातळ झाली गं आज."

माझा लिहिता हात थांबला. एकाच मडक्यातली आंबील एकाला दाट, दुसऱ्याला पातळ कशी? येळवशीला वाटेवरच्या माणसालाही आंबील पाजायची रीत आहे. पाहुणे वाढले, मडकं तळाला गेलं की घरचे पाणी वाढवतात. पाहुणे पिऊन गेले ते त्याआधी.

ठाण्यात परतलो आणि तिला विषाचं विचारलंच नाही. विचारलं, "बाई, आंबिलीत पाणी कुणी वाढवलं?"

तिनं पदर तोंडात कोंबला. मग हुंदका फुटला. "आत्याबाईनं. पर कसं सांगू वो? त्यांचा ल्योक गेलाय. मी परकी पोर. सासूचं नाव घेतलं तर लोक म्हनतील, आदी नवरा खाल्ला, आता सासूवर घालायली. मला तितंच ठेचलं असतं."

मी तसाच गावात गेलो. सासूला एवढंच विचारलं, "पाणी कशातलं होतं?" तिनं कोपीमागं पडलेला पत्र्याचा डबा दाखवला. फवारणीच्या औषधाचा रिकामा डबा. घरातली एकुलती घागर सुनेच्या डोक्यावर असायची, म्हणून स्वतः टँकरचं पाणी आणायला दुकानदाराकडून तो आदल्या दिवशीच मागून घेतला होता.

"राखेनं घासला की वो, साहेब. दोनदा घासला."

"पाण्यानं धुतला नाही?"

"धुवायला पानी कुटं हाय?" ती म्हणाली, आणि आपलं बोलणं तिचं तिलाच ऐकू आलं. ती मटकन खाली बसली. सुरे घेऊन अंगावर आलेली माणसं पाहिलीत मी, पण तो चेहरा आठवला की आजही झोप उडते. डबा सील केला. पुढं रासायनिक अहवालानं तेच सांगितलं.

परत निघालो तर वेशीवर टँकर उभा होता. रांगेत घागरी कमी, डबे जास्त. तसलेच डबे, औषधाच्या नावाचे कागद अर्धवट सोललेले! एक बाई डब्यातलं पाणी ओंजळीनं लेकराला पाजणार, तेवढ्यात मी ओरडत धावलो. अंधार पडेपर्यंत मी आणि जमादार कुऱ्हाडीनं डबे फोडत होतो. "पानी काय पदरात भरावं का?" म्हणून बायांनी शिव्या घातल्या. त्यांचंही खोटं नव्हतं. तहसीलदारांच्या हातापाया पडून घागरी मिळवल्या.

या प्रकरणानं मला एक शिकवलं. विष कुणी घातलं हे मागून विचारावं. घास चुलीपासून तोंडापर्यंत कसा आला, ते आधी विचारावं. नाहीतर चोर सोडून संन्याशाला फाशी ठरलेलीच.

दुसऱ्या दिवशी सुनेला मी स्वतः घरी सोडायला गेलो. दगड उचलणारे ओट्यांवरून बघत होते. उंबऱ्याशी तिचे पाय अडखळले. आत सासू कोपऱ्यात पडली होती, ओठ फुटलेले. लेकाला अग्नी दिल्यापासून तिनं पाण्याला तोंड लावलं नव्हतं. सून पेला घेऊन जवळ गेली तर म्हातारी भिंतीकडं सरकली. "नगं गं माय. मला पान्याचं भ्या वाटतंया."

सुनेनं आधी स्वतः अर्धा पेला पिऊन दाखवला आणि उरलेला पुढं धरला. त्या घरात सुनेचं उष्टं सासूनं कधी शिवलंही नसेल. म्हातारीनं तिच्या तोंडाकडं कितीतरी वेळ पाहिलं. मग दोन्ही हातांनी पेला धरला आणि प्याली.