शेंगदाणा पेंडीची चटणी

खडवलीला माझ्या भावाच्या दोन गायी आहेत. त्यातली एक नुकतीच व्यायली होती, म्हणून गुरांच्या डॉक्टरांनी दूध वाढायला तिच्या खुराकात शेंगदाणा पेंड, म्हणजे दाण्यांचं तेल काढून उरलेला चोथा, घालायला सांगितली. "ताई, रविवारी येताना कल्याणहून किलोभर आण, खाते का बघू," भाऊ म्हणाला. शुक्रवारी कल्याणच्या ऑफिसातून येताना मी ती घेतली आणि बाळकुमला घरी ओट्यावर ठेवून विसरूनच गेले.

शनिवारी सासूबाईंनी जेवताना झणझणीत चटणी वाढली. आम्ही तिघांनी ती भाकरीबरोबर चाटूनपुसून खाल्ली.

"आई, कसली केलीत?" मी विचारलं.

"अगं, तू आणलेले ते दाण्याचे तुकडे. भलतेच कडक होते, म्हणून लसूण घालून मिक्सरमधून काढले."

मला हसू आवरेना. "आई, ते गाईचं खाणं होतं!"

नवऱ्याला ठसका लागला. सासूबाई तर डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसल्या. भावाला फोन केला, तर तो म्हणाला, "दूध वाढलं तर कळव!"

रविवारी उरलेली पेंड घेऊन सासूबाईही हौसेने खडवलीला आल्या. गाईने घमेलं हुंगलं आणि मान फिरवली. सासूबाई खरंच दुखावल्या. "चांगली आहे गं, मी खाल्लीये," त्या गाईला समजावत राहिल्या.

तिसऱ्या दिवसापासून गाय ती वैरणीत मिसळून खायला लागली.