एकलहऱ्याची घरघर

नव्वदच्या दशकात मी एकलहऱ्याच्या वीजकेंद्रात पाणी तपासायची नोकरी करत होते. ड्यूटी सुटली की कॉलनीच्या मैदानावर धनुष्य घेऊन उभी राहायचे. तिथे माझे बाण लक्ष्याच्या मधल्या पिवळ्या वर्तुळात एकमेकांना खेटून बसायचे. स्पर्धेला गेले की तेच बाण वाटेल तिथे. प्रशिक्षक म्हणायचे, "तू घाबरतेस." माझं डोकंच फिरायचं. घाबरत असते तर मला कळलं नसतं?

एका दुपारी मी सराव करत असताना ग्रीड गेली आणि केंद्रातली सगळी यंत्रं थांबली. मैदानात कधी नव्हे ती शांतता पसरली. मी बाण सोडले, तर ते स्पर्धेतल्यासारखेच विखुरले. इथे ना पंच होते, ना प्रतिस्पर्धी. मग मी कशाला घाबरले? यंत्रं सुरू होईपर्यंत थांबले, पुन्हा बाण सोडले. सगळे पिवळ्यात!

म्हणजे इतकी वर्षं यंत्रांची ती घरघर ऐकतच मी बाण सोडत होते.

पुढच्या स्पर्धेत दोरी हनुवटीला टेकली की मी मिटल्या तोंडाने तशीच घरघर काढू लागले. बाण नीट बसले. शेजारी उभ्या असलेल्या खेळाडूने विचारलं, "ताई, कुठल्या देवीचा मंत्र म्हणता?"

"एकलहऱ्याचा," मी म्हणाले.

"वणीजवळ आलं का ते?" असं विचारत तिने हात जोडले.

मी सांगणार होते. पण माझेही हात जोडले गेले.