पप्पा आधी अक्राला गेले

मी वसई सोडली त्या दिवशी पप्पांनी मला त्यांच्या सहा आसनी टमटममधून स्टेशनपर्यंत सोडलं. सोडलं म्हणजे, सुटेपर्यंत माझा जीव काढला. दोन मोठ्या बॅगा, खिशात पासपोर्ट, संध्याकाळचं विमान, आणि गाडी आपली चर्चच्या नाक्यावर उभी, कारण दोन सीटा रिकाम्या होत्या. मी म्हटलं, "पप्पा, मी ऑस्ट्रेलियाला चाललोय, भाजी विकायला नाही." ते हँडलवर कोपर टेकवून शांतपणे म्हणाले, "गाडी भरल्याशिवाय सुटत नाय." शेवटी मीच उतरलो आणि "स्टेशन, स्टेशन" म्हणून ओरडत सुटलो. मोगऱ्याची टोपली घेतलेली एक मावशी भाडं कमी कर म्हणून अडून बसली. मी भांडलो. ती म्हणाली, "मेल्या, परदेशी चाललास आणि माझ्याशी घासाघीस करतोस?" माझा धाकटा भाऊ डॉमी मागे लटकून खो-खो हसत होता.

गावातल्या लोकांना हे आठवत असेल. मी गेल्यावर गावात आमचा भाव वाढला होता. मोठा कुठे? मेलबर्नला. धाकटा? तो कोर्स अर्धा टाकून घानाला, अक्राला, कुणा शेठच्या गॅरेजात गेला होता. आई असेपर्यंत ती हा प्रश्न आला की कोलंबीचा भाव विचारायची.

मी कुणाच्या ओळखीवर वर आलो नाही. सुरुवातीला दुसऱ्याच्या हाताखाली छपरांवर सोलर पॅनेल चढवली. मग पाहिलं की इकडे लोक जास्त विजेची नवीन पॅनेल घेतात आणि चांगली चालणारी जुनी काढून टाकतात. ती उतरवायची, तपासायची, गरजेच्या ठिकाणी विकायची, हा माझा धंदा. त्यावर मेलबर्नच्या टोकाला, क्रेगीबर्नला घर घेतलं. घेताना बिल्डरशी इतका भांडलो की त्याने तळमजल्यावर एक जादा खोली काढून दिली. पप्पांची खोली. बाथरूमला आधाराचे दांडे, खिडकीतून रस्ता दिसेल असा पलंग.

पप्पा एकदाच आले होते. रोज बस स्टॉपवर जाऊन बसायचे. वेळ झाली की बस सुटायची, आत माणूस असो नसो. माझ्या मुलीला, रियाला ते म्हणायचे, "बघ, डायवर एकटाच फिरायला चाललाय." ती म्हणायची, "इट्स द टाइमटेबल, पप्पा." व्हिसा संपायच्या आतच ते परतले.

मग महामारी आली. छपरांवर चढायला बंदी, घरापासून ठरावीक अंतरापलीकडे जायला बंदी, देशाबाहेर जायला बंदी. अंगणात पॅनेलच्या थप्प्या लागल्या आणि मी त्यांच्याभोवती फेऱ्या मारत होतो. अशाच एका दुपारी, इकडच्या भाषेत आर्वोला, डॉमीचा फोन आला. त्याने तीन जुन्या मिनीबसमधली इंजिनं काढून बॅटऱ्या बसवल्या होत्या. अक्रात या मिनीबसना ट्रोट्रो म्हणतात. अर्धं शहर त्यांच्यातूनच ये-जा करतं. स्टँडवर मोठं छप्पर उभारून त्यावर पॅनेल टाकायची, सूर्यावर गाड्या चालवायच्या, असा त्याचा बेत. पण ड्रायव्हर म्हणत होते, चार्जिंगला उभं राहायला आम्हाला वेळ कुठे?

मी म्हटलं, "गाढवा, पप्पांची गाडी नाक्यावर किती वेळ उभी असायची? तुझ्याकडे भरल्याशिवाय सोडतात का?"

"छे! इथे तर पप्पांपेक्षा वाईट. शेवटच्या सीटसाठी दोन गाड्यांचे लोक मारामारी करतात."

"मग तोच तुझा चार्जिंगचा वेळ. रांगेत लागली की वायर लाव. भरली की काढ. आता तर माणसं अंतर ठेवून बसवायची, म्हणजे प्रत्येक गाडीला बॅटरी थोडी कमीच लागणार."

मग तो म्हणाला, "दादा, तू इकडे असायला हवा होतास."

दोन महिन्यांनी आमच्या चर्चच्या मासिकात डॉमीचा फोटो आला. मागे हिरवी मिनीबस, वर स्टँडच्या छपरावर थोडी पॅनेल, खाली मथळा, 'वसईच्या सुपुत्राची सूर्यावर चालणारी बस'. मी तो मजकूर वरून खाली आणि खालून वर वाचला. माझं नाव नव्हतं. पप्पांनी ते पान कपाटाच्या दारावर चिकटवलं. त्या दारावर आधी माझा पदवीचा फोटो होता. तो कुठे गेला, हे मी विचारलं नाही. विचारलं असतं तर आवाज चढला असता, आणि मग पप्पा फोन ठेवतात.

मला एकच हवं होतं. विमानं सुरू झाली की पप्पांनी आधी माझ्याकडे यावं. तसं ते कबूलही झाले होते. पण अक्राची विमानं आमच्याआधी सुरू झाली आणि पप्पा सहज म्हणाले, "डॉमीकडे जाऊन येतो."

मी तडक डॉमीला फोन लावला. त्याला आणखी पॅनेल हवी होती, आणि ती माझ्या अंगणात होती. म्हटलं, "कंटेनर भरून पाठवतो, परवडेल तेव्हा हिशोब कर. पण पप्पा आधी माझ्याकडे."

"दादा, तुझ्याकडे बॉर्डर बंद आहे."

"उघडेपर्यंत थांबतील."

"वसईत? एकटे?"

मी पुन्हा कंटेनरवरच आलो. तो म्हणाला, "बरं. घे तू पप्पांना."

समोरचा पहिल्याच बोलीला हो म्हणाला, की माझ्यासारख्याला लगेच कळतं, आपण एकतर कमी मागितलं किंवा भलतंच मागितलं.

डॉमीच्या पोटात काही राहत नाही. दुसऱ्याच दिवशी पप्पांचा फोन. "मी काय छपरावरून उतरवलेलं पॅनेल आहे? तुमचं तुम्ही ठरवलंत?"

"पप्पा, तुमच्यासाठी खोली बांधलीय मी!"

"खोलीत बसून करू काय? डॉमी म्हणाला, या, डायवर लोकांना ब्रेक हलका दाबायला शिकवा, बॅटरी वाचते. तू काय म्हणालास? या, आराम करा."

ते अक्राला गेले.

कंटेनर मी रोखून धरला होता. माझी बायको ग्रेटा म्हणाली, "पॅनेल अंगणात ठेवल्याने पप्पा परत येणारेत का?" मी तिच्यावर खेकसलो आणि सोमवारी कंटेनर सोडला. सोबत पॅनेल कशी बसवायची याचं स्वतः काढलेलं ड्रॉइंग पाठवलं, म्हणजे निदान कागदावर तरी माझं नाव राहील. डॉमीने व्हिडिओ कॉल केला तेव्हा तो हसून बेजार झाला होता. "दादा, पॅनेलची तोंडं उत्तरेकडे काढलीस तू!" मेलबर्नच्या छपरांवर पॅनेल उत्तरेकडे तोंड करून बसतात, कारण सूर्य इकडे त्या बाजूने जातो. भारतात, अक्रात, ती दक्षिणेकडे. इतकी वर्षं उत्तर, उत्तर करत हात तसाच वळला. मागून पप्पांचा आवाज आला, "त्याचा सूर्यपण तिकडचा झाला." डॉमी हसायचा थांबला. मी नेटवर्क खराब आहे म्हणून फोन ठेवला.

इकडे आलेल्यांनो, तुम्हीही खोल्या बांधल्या आहेत. पलंग, गरम पाणी, मराठी चॅनेल, सगळं. ते कमी पडलं असं मी म्हणणार नाही, कारण मी ते घाम गाळून उभं केलंय. पण डॉमीकडे पप्पांवाचून अडलं होतं, आणि माझ्याकडे कशावाचूनच अडत नव्हतं. मला त्याच्या बसचा हेवा नाही. त्या अडण्याचा आहे.

गेल्या महिन्यात त्याने व्हिडिओ पाठवला. पप्पा मास्क हनुवटीवर ओढून हिरव्या बसपुढे उभे आहेत आणि चक्क मराठीत ओरडताहेत, "चला, चला, दोनच सीटा!" आणि माणसं चढताहेत. ट्रोट्रोच्या कंडक्टरला तिकडे मेट म्हणतात, आणि इकडे ऑस्ट्रेलियात तर जो तो समोरच्याला मेट म्हणतो. पप्पा कॅमेऱ्याकडे बघून म्हणाले, "तुझ्याकडे येणारा-जाणारा मेट. इथे गाडीत मेट एकच, आणि तो मी." एवढे खूश ते आईच्या वेळेनंतर मला दिसले नव्हते. मी तो व्हिडिओ रागारागाने चार वेळा पाहिला.

मग आमची बॉर्डर उघडली. जेवताना रियाने विचारलं, "डॅड, आर वी गोइंग होम फॉर क्रिसमस?" मी हो म्हटलं. ती म्हणाली, "वसई?" वसईच्या घराला कुलूप आहे, चावी शेजारच्या काकूंकडे. मी म्हटलं, "नाही. अक्रा." ग्रेटाने माझ्याकडे पाहिलं, पण हसली नाही, तेवढी समज तिला आहे.

आत्ता मला घर विचारलंत तर पत्ता क्रेगीबर्नचाच सांगेन. हप्ते तिथलेच भरतो. पण नाताळला माणूस घरी जातो, आणि मी कधी न पाहिलेल्या शहराची तिकिटं काढली आहेत. डॉमीला आजच कळवलंय. पप्पा बसमध्ये पुढे ड्रायव्हरच्या बाजूला बसतात, तिथे आणखी एकाला जागा असते. रोज तिथे डॉमी बसतो. नाताळभर मी बसणार. यात घासाघीस नाही.