फोन ठेवायचा नाही, म्हणाला

मला कुणी सल्ला विचारत नाही, तरी मी देते. अनोळखी माणूस फोनवर धमकावायला लागला की फोन ठेवा. उद्धटपणा झाला तर होऊ दे. मी ठेवला नाही, आणि त्या दिवशी नुसती मरायची राहिले.

मांडवीला मी एकटीच राहते. मुलगा बोटीवर असतो, बंदर लागलं की फोन करतो. दुपारी चहा टाकला आणि व्हिडिओ कॉल आला. समोर खाकी वर्दीतला माणूस. तुमच्या मुलाच्या सामानात अमली पदार्थ सापडलेत, तो आमच्या ताब्यात आहे, म्हणाला. मुलाचं नाव, बोटीचं नाव, सगळं बरोब्बर. चौकशी संपेपर्यंत फोन ठेवायचा नाही, कुणाशी बोलायचं नाही, दारं-खिडक्या लावून घ्यायच्या. लावल्या हो मी! नवरा होता तेव्हा त्याचंही कधी ऐकलं नाही, आणि त्या मेल्याचं निमूट ऐकत बसले.

मध्येच मुलाचा फोन यायला लागला. त्याचा फोटो दिसला आणि मला हुंदका फुटला. वर्दीवाला म्हणाला, त्याचा फोन टोळीच्या हातात आहे, उचललात तर पोराला तुम्हीच अडकवाल. मी कट केला. परत आला, परत कट केला. मग म्हणाला, बँकेतली ठेव मोडा, पैसे सरकारी खात्यात टाका, तपासून परत मिळतील. फोनवरून पैसे पाठवायला मुलानेच शिकवलेलं. आकडे चुकत होते, पैसे काही जात नव्हते. पाण्यासाठी उठायचीही भीती वाटत होती.

तेवढ्यात दिवेलागण झाली. आमच्याकडे तिन्हीसांजेला पुढचं दार लावून ठेवत नाहीत, लक्ष्मी माघारी जाते. मी म्हटलं, साहेब, देवाजवळ दिवा लावते, तेवढं दार उघडते. तो खेकसला, उघडलंत तर आत्ता पोलीस पाठवतो. मी रडत रडत उठले आणि कडी काढली. पोरगा कोठडीत असताना दार लावून बसणं माझ्याच्याने होईना.

बाहेर शेजारची भाभी उभी. तिचा नवरा मस्कतला, आमचं येणं-जाणं रोजचं. दुपारपासून दार बंद बघून तिला राहवलं नव्हतं. तिने माझं तोंड बघितलं, फोनमधला माणूस बघितला, आणि माझ्या हातातून फोन घेऊन बंदच केला. मी तिच्या अंगावर धावून गेले.

"अगो, तू माझ्या पोराला मारलंस!"

तिने मला घट्ट धरून ठेवलं. मग स्वतःच्या फोनवरून माझ्या मुलाला फोन लावून माझ्या कानाला लावला.

आवाज त्याचाच. खरं तर जीव भांड्यात पडायला हवा होता, पण मला जास्तच भीती वाटली. हल्ली आवाजही खोटा काढतात म्हणे. मी विचारलं, तू माझाच मुलगा कशावरून? लहानपणी पडलास तेव्हा कुठे लागलं होतं?

"आई, अगं मीच. दोनदा फोन केला, तू कट केलास. काय झालंय?"

"आधी कुठे लागलं होतं ते सांग."

"हनुवटीला," तो म्हणाला. त्याचा आवाज रडवेला झाला होता.

तरी मी विचारलं, "कुठल्या बाजूला?"