माझ्या मापाची अक्का

दाजींचा फोन आला तेव्हा मी आठवीच्या वर्गात समप्रमाण शिकवून नुकतीच बाहेर पडले होते.

"शाळा सुटल्यावर घरी येतेस का? माप द्यायचंय," ते म्हणाले.

मला वाटलं, ब्लाउजचं. अक्का गेल्यापासून ते तिची एकेक साडी मला देत होते.

"माप कशाला? अक्काचेच होतात की मला."

"म्हणूनच," म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला.

अक्का माझी सख्खी मोठी बहीण. किडनीच्या आजाराने गेली. दाजींचा टॉवेलचा धंदा, सोलापुरात होटगी रस्त्याला मोठं घर, एकुलती एक मुलगी पुण्यात नोकरीला. त्या घरात ते एकटेच उरले होते. दुकानात जायचे, परत यायचे, तिच्या खोलीतला दिवा लावायचे. नातेवाईक म्हणायचे, दुःख करावं माणसानं, पण त्यालाही काही प्रमाण असतं. मला ते कधी पटलं नाही. प्रमाण काढायला दोन राशी लागतात, हे मी मुलांना दरवर्षी सांगते. दाजींच्या दुःखाशेजारी ठेवायला दुसरं काय होतं?

संध्याकाळी गेले, तर हॉलमध्ये अक्काचे फोटो पसरलेले होते आणि त्यांच्यामध्ये एक अनोळखी माणूस बसला होता. बेंगळुरूकडचा मूर्तिकार. सिलिकॉनचे हुबेहूब पुतळे करणारा. दाजींनी मोबाइलवर कुणाचा तरी पुतळा पाहिला होता आणि त्याला बोलावून घेतलं होतं. आमच्या घरी कानडी चालते, त्यामुळे बोलणं सगळं कानडीतच झालं.

"चेहरा होईल," तो म्हणाला. "पण अंग कुठंच दिसत नाही. एक तर त्या कुणाच्या तरी मागे उभ्या आहेत, नाही तर हातात ताट आहे. प्रमाण कोण देणार?"

मराठीत प्रमाण म्हणजे मोजमापाचा मेळ, किंवा पुरावा. कानडीत शपथेलाही प्रमाणच म्हणतात. क्षणभर मला वाटलं, हा माणूस शपथ कोण घेणार असं विचारतोय.

"मी देते," मी म्हणाले.

आम्ही दोघी पाठमोऱ्या सारख्याच दिसायचो. मंगळवार बाजारात बायका मला अक्का समजून हाक मारायच्या. त्यामुळे यात काही वेगळं आहे असं मला तेव्हा वाटलं नाही.

तो टेपने आणि मोठ्या कंपासासारख्या लोखंडी हत्याराने मोजत गेला आणि आकडे मोबाइलमध्ये बोलून ठेवत गेला. बोलताना तो माझा उल्लेख करत नव्हता. "अम्मांची मान. अम्मांचं कोपर. अम्मांचं मनगट." मी मान द्यायची, कोपर द्यायचं. डोकं मोजल्यावर तो थबकला. "तुमचं लहान आहे. त्यांचं थोडं मोठं हवं." मग अक्काच्या कुड्या मागून घेतल्या, खरी कुडी मोजली, फोटोतली मोजली, आणि त्यावरून तिच्या चेहऱ्याची रुंदी काढली. हेच गणित मी फळ्यावर शिकवते. पण उत्तर म्हणून आपल्या बहिणीचा चेहरा येईल असं कधी मनात आलं नव्हतं.

"आता बसा. जशा त्या बसायच्या तशा."

मी सोफ्यावर टेकले. दाजी लगेच म्हणाले, "तसं नाही. दिवाणावर. मांडी घाल. पाठ ताठ. अजून ताठ. उजवा हात गुडघ्यावर. डावा तळहात मांडीत, वर उघडा."

"पूजेला बसल्यासारखं का?" मूर्तिकाराने विचारलं.

"हं," दाजी म्हणाले.

हातांचा साचा घेण्यासाठी त्याने दोन्ही हातांवर ओलं प्लास्टर थापलं. आधी ते गार लागलं, मग हळूहळू तापत गेलं. हलू नका, असं तो पुन्हा पुन्हा सांगत होता. पायांना मुंग्या आल्या. दाजी समोर बसून माझ्याकडे पाहत होते, डोळेसुद्धा न मिटता. मध्येच अगदी हळू आवाजात म्हणाले, "बरं वाटतंय का आता?"

दवाखान्यात शेवटचे काही महिने ते अक्काला रोज हेच विचारायचे. मी "हो" म्हणाले.

पुतळा आला तो ऐन उन्हाळ्यात. मी पोहोचले तेव्हा तो दाराकडे पाठ करून दिवाणावर ठेवलेला होता, अजून वळवायचा होता. आपली पाठ आपल्याला कधी दिसत नसते. मला त्या दिवशी दिसली. डावा खांदा जरा खाली, मानेशी एक मऊ वळी. मग माणसांनी तो फिरवला आणि वर अक्काचा चेहरा होता.

चेहरा सुरेख झाला होता. भुवईतला तीळ, ओठांच्या कडेची घडी, सगळं. येणारेजाणारे दारातच थबकायचे. एका म्हाताऱ्या गिऱ्हाइकाने तिला नमस्कार केला आणि उत्तराची वाट पाहत उभा राहिला. घरकाम करणाऱ्या मावशींनी मात्र पहिल्याच दिवशी मला बाजूला घेतलं. "बाई, मी तितं झाडू मारणार न्हाय. त्या बघत्यात की."

सणाला तिची साडी बदलायचं काम दाजींनी माझ्याकडे दिलं. दुपारची वेळ होती, दाजी दुकानात. बाहेर रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. मी पदर लावत असताना लाइट गेली. पंखा थांबला, पदर हलायचा थांबला, आणि इतका वेळ तो हलत होता हे मला तेव्हा कळलं. निऱ्या सारख्या करताना माझा हात तिच्या हाताला लागला. तो गरम होता. सोलापूरच्या उन्हाळ्यात भिंती तापतात, भांडी तापतात, तसंच सिलिकॉनही तापणार, हे मला समजत होतं. पण तो बरोबर माणसाइतका गरम होता. अंगठ्याच्या खाली तेल उडून पडलेला डाग होता, माझाच. मी माझा हात त्याच्या शेजारी ठेवून पाहिला. मग हात उचलायचा होता, तर कोणता उचलायचा हे ठरवायला मला क्षणभर वेळ लागला.

मी साडी अर्धवट सोडून अंगणात जाऊन उभी राहिले. उन्हात.

त्यानंतर आणखी एक गोष्ट सुरू झाली. घरी भाजी निवडून झाली की मी तशीच बसून राहायचे. एकदा माझे यजमान म्हणाले, "ही कसली बैठक? किती वेळ हाका मारतोय." मी खाली पाहिलं. मांडी घातलेली, पाठ ताठ, डावा तळहात मांडीत उघडा. कधी बसले होते ते मला आठवत नव्हतं. त्यानंतर मी घरात मांडी घालायचंच सोडलं. पण शाळेत पेपर तपासताना, बसमध्ये, डावा हात आपोआप मांडीत येऊन उताणा व्हायचा.

मग भाची पुण्याहून आली. तिने पुतळा फक्त फोनवर पाहिला होता, तोही चेहऱ्यापुरता. ती दिवाणासमोर बराच वेळ उभी राहिली. आम्हाला वाटलं रडेल. ती रडली नाही.

"अप्पा, आई अशी कधी बसायची?"

"पूजेला," दाजी म्हणाले.

"आई पूजा उभ्यानं उरकायची. अर्धं लक्ष गॅसवरच्या दुधाकडे." ती माझ्याकडे वळली. "मावशी, आई अशी एकदाच बसली होती."



आमच्या लिंगायतांत मृताला आडवं ठेवत नाहीत. अंघोळ घालून, विभूती लावून, मांडी घालून भिंतीशी बसवतात. डाव्या तळहातावर इष्टलिंग ठेवतात आणि तसंच बसलेलं मातीत ठेवतात. अक्कालाही तसंच बसवलं होतं, याच हॉलमध्ये. तिची पाठ सरळ राहावी म्हणून मागे उशी मीच लावली होती. तरीही मला ओळखू आलं नव्हतं. पहिल्यांदा बाहेरून पाहिली असती तर ओळखली असती ती बैठक. मी तिच्यात जाऊन बसले होते.

दाजी खुर्चीत खचल्यासारखे बसले. "दुसरी आठवतच नाही गं मला," ते मुलीला म्हणाले. "लई आठवून बघितलं. ती बसलेली म्हटलं की हीच दिसते. इतक्या वर्षांत ती माझ्यासमोर बसली तरी कधी?"

भाचीने त्यांच्या पायाशी बसून त्यांच्या गुडघ्यावर डोकं ठेवलं. मलाही आठवून पाहावंसं वाटलं. अक्का पोळ्या लाटताना, धुणं वाळत घालताना, दारात निरोप देताना. माप द्यायला गेले त्या दिवशी पसरलेले सगळे फोटो डोळ्यांपुढे आणले. एकातही ती बसलेली नव्हती.

पुतळा टाकून द्यायचं कुणाच्या मनात नव्हतं आणि घरात ठेवायचं धैर्यही आता कुणात नव्हतं. शेवटी अक्कलकोटच्या अलीकडे आमचं शेत आहे, तिथे तिला माती दिलीय, त्या जागेवर दाजींनी छोटी खोली बांधली. पुतळा टेम्पोतून नेला. दाजी मागे त्याच्याजवळ बसून गेले, एक हात त्याच्या खांद्याभोवती ठेवून. टोलनाक्यावरचा माणूस आत वाकून म्हणाला, "आजारी हायत का?" दाजी "व्हय" म्हणाले.

आता खाली अक्का बसलेली आहे आणि बरोबर तिच्यावर, त्याच बैठकीत, माझ्या मापाची ती. अधूनमधून सोमवारी मी जाते. आत पाय पसरून बसते, भिंतीला टेकते, घाम पुसते, शाळेतलं काहीबाही मोठ्याने सांगते. माझं अंग आता सुटलंय, केस पांढरे झालेत. तिचं काहीच बदलत नाही. दर वेळी आमच्यातलं प्रमाण थोडं थोडं बिघडत जातं आणि मला मोकळं वाटतं.

परवा दाजींबरोबर गेले तर एका चिमणीने तिच्या उघड्या डाव्या तळहातात काड्या आणून टाकल्या होत्या. मी झाडायला हात पुढे केला. दाजी म्हणाले, "राहू दे की."