झाईचा तोडलेला ताड

दक्षाला आपल्या दिराची शिसारी यायची आणि ती लपवायचे कष्ट तिने कधी घेतले नाहीत. नविन होताच तसा, गोड बोलून केसाने गळा कापणारा.

झाईच्या किनाऱ्यावर त्यांच्या घरच्या चिकूच्या वाडीच्या टोकाशी एक उंच ताड होता. समुद्रातून होड्या परत आणणारे तांडेल तो ताड आणि मागच्या देवळाचा कळस एका रेषेत धरत. रेषा जुळली की खडक टळून होडी सरळ खाडीत. नविनने आपल्या रिसॉर्टच्या पोहण्याच्या तलावासाठी ताड पाडला.

"वहिनी, आता सगळ्यांच्या मोबाईलवर नकाशा असतो," म्हणाला.

थोड्याच दिवसांत तिन्हीसांजेला हरिश्चंद्र तांडेलाची होडी खडकावर फुटली. जीव वाचला, पाय कायमचा गेला. नविन भेटायला गेला तो डझनभर केळी घेऊन. केळी! 

आणि आता करून करून भागला नि देवपूजेला लागला. समुद्रात वाट दाखवणाऱ्या खुणांचं संग्रहालय काढायला निघाला. शाळांना हलती मॉडेलं बनवून देणारी दक्षा घरचीच, म्हणून काम तिच्याकडे. पडद्यावर समुद्र, पुढे खरं सुकाणू. फिरवाल तशी होडी वळणार. दीपगृह, पाण्यावर तरंगणारा बोया, शेवटी झाईचा ताड.

"ताड मस्त हिरवागार दाखवा. खाली माझ्या नावाची पाटी."

जनाची नाही, मनाची तरी! पण नाही म्हणावं, तर दुसरा कुणी करून देईल आणि उद्या पोरं म्हणतील, ताड आहे की. तिने मान डोलावली आणि कामाला लागली.

उद्घाटनाला गळ्यात हार घालून नविननेच सुकाणू धरलं. दीपगृह गेलं, बोयाजवळून होडी नीट निघाली, लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग किनारा आला. मागे कळस होता. पुढे ताडाचा नुसता बुंधा आणि त्यावर नविनच्या नावाची पाटी. तो डावीकडे वळला, उजवीकडे वळला. खाड्! होडी खडकावर. पुन्हा सुरू केलं, पुन्हा खाड्.

"वहिनी, तुमचं मशीन बिघडलंय," तो दात काढत म्हणाला. कपाळावर घाम होता.

"मशीन ठीक आहे, भावोजी. ताड नाही."

टाळ्या केव्हाच थांबल्या होत्या. पुढच्या खुर्चीवरून हरिश्चंद्र कुबडी टेकत उठला.

"लागलं काय, शेट? थांबा, केळी घेऊन येतो."